मदतनीसाला मदतनीस

बोरिवलीत एखादं कपाट, फ्रीज किंवा नवरदेव जागचा हलला आणि त्याला आमच्या समोरच्या दारातल्या काकांचा हात लागला नाही, असं आजवर घडलेलं नाही. बोलवायची गरजच नसे. खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला की काका बनियनवर हजर. मात्र त्यांची मदत घ्यायची म्हणजे शब्दांच्या कुळकथा ऐकाव्या लागत. आमचा फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवताना मी सहज 'हमाल' म्हणालो आणि काका जिन्याच्या वळणावरच थांबले. "हमाल शब्द अरबी, बरं का! ओझं वाहणारा!" एवढं बोलून ते अरबस्तानात गेले आणि फ्रीजचं सगळं ओझं माझ्या अंगठ्यावर आलं.

त्यांना स्वतःला 'हेल्पर' म्हटलेलं खपत नसे. "मदतनीस म्हण! मदत अरबीतली, नीस फारसीतला. चिटणीस, फडणीस यांच्यातला नीस म्हणजे लिहिणारा. त्यातल्या ज्याने लेखणी खाली ठेवून हात लावला, तो मदतनीस." हे शेवटचं वाक्य कुठल्याही कोशात सापडायचं नाही, ते खास काकांचं. पण ते म्हणताना त्यांची छाती अशी फुगे, की शंका काढायची माझी कधी हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी काका न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं-बसणं दुसऱ्याच्या आधाराने. घरी माणूस ठेवा, माझ्या ओळखीचा एक आहे, असं म्हटलं की काका भडकून थेट मालवणीवर येत. "मी जन्मभर मदतनीस. माका मदतनीस कित्याक होयो?" मग सत्तरीच्या काकूच त्यांना उठवत, आंघोळ घालत. खरं सांगतो, मला त्यांचा रागच यायचा.

एका सकाळी गेलो तर काकू कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकलेल्या. काकांना म्हणत होत्या, "सगळे शब्द सांगतास मां? माजी कंबर मोडली. ती खयसून इली, ता सांगा."

"फारसीतून," काका सवयीने म्हणाले आणि त्यांचं लक्ष काकूंच्या कमरेवरच्या हाताकडे गेलं. मग मला म्हणाले, "त्या माणसाक फोन लाव रे."

दुसऱ्या दिवशी माणूस आला. तो आंघोळ घालत असताना काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं दारातून दिसलं. मी स्वयंपाकघराकडे वळलो. काकू खुर्चीत बसून चहा पीत होत्या, कितीतरी दिवसांनी गरम.

आतून हाक आली, "च्या घेतलंस गो?"

"घेतंय," काकू म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.