कानावरची पेन्सिल

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, सुतार. आंघोळीची वेळ सोडली तर उजव्या कानावर पेन्सिल असायचीच. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. एकदा तर जेवताना ताटात पडली, तर पुसून परत कानावर.

एका बांधकामावर मुकादमाशी भांडण झालं, भावोजींनी ढकललं आणि तो पायऱ्यांवरून पडला, जिवानिशी गेला. शिक्षा झाली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे.

तुरुंगात त्यांना सुतारशाळेत काम मिळालं. वागणूक चांगली असली की शिक्षेतले काही दिवस माफ व्हायचे आणि महिन्यातून एकदा ताईला भेटता यायचं. त्या भेटीसाठी ताईची आदल्या दिवसापासून लगबग. काचेपलीकडच्या माणसाला इस्त्रीचा पदर कशाला हवा, असं मी चिडवलं की म्हणायची, त्यांना नाही, मला हवा.

मग एका संध्याकाळी बराकीत परतताना झडती झाली आणि कानावर पेन्सिल सापडली. सुतारशाळेतली वस्तू बाहेर नेणं हा तिथला गुन्हा. भावोजींना अधीक्षकांपुढे उभं केलं. आरोप काय ते कुणी सांगितलं नाही, नुसतं विचारलं, पेन्सिल कुणाची? भावोजी म्हणाले, माझीच. सुताराच्या कानावरची पेन्सिल सुताराचीच असते, एवढंच त्यांना ठाऊक. तीच कबुली धरली गेली. भेटी बंद आणि माफीचे दिवस कापले.

ताईला हे फाटकावर कळलं. तिला बाकावर बसवून मी अधीक्षकांशी भांडायला गेले. माणूस सभ्य होता, खुर्ची दिली.

"बाई, हा खटला नाही," ते म्हणाले. "ही आतली शिस्त आहे. घरात पोराला रागावतो तशी."

"पोराला रागावतात, पण आईला भेटू देतात," मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला चहा विचारला.

मग आम्ही एक वकीलबाई गाठून कोर्टात गेलो. त्यांनी मात्र नेमकं बोट ठेवलं. माफीचे दिवस कापले म्हणजे माणूस तेवढा जास्त आत राहणार, मग ती नुसती शिस्त कशी? तक्रार करणारे तेच, निवाडा देणारे तेच. निदान आरोप सांगा, त्याचं ऐकून घ्या, कारण द्या. कोर्टाला ते पटलं आणि पुन्हा सुनावणी घ्यायचा हुकूम निघाला. पण तोवर बरेच महिने गेले.

त्या महिन्यांतही भेटीच्या दिवशी ताई जायचीच. सुतारशाळा मागच्या भिंतीला लागून होती. समोरच्या बसस्टॉपवर बसून ती रंध्याचे आवाज ऐकायची. त्यातला भावोजींचा रंधा कोणता ते ओळखते म्हणायची. मी विचारलं, रंध्याला काय आडनाव असतं?

"ते शेवटाला हात हलका सोडतात," ती म्हणाली.

मला तिची कीव यायची, आणि हेवाही वाटायचा. माझ्यासाठी असं कुणी कान लावून बसलेलं नाही.

दुसऱ्या सुनावणीत भावोजींना बोलू दिलं. ते म्हणाले, साहेब, येताना घड्याळ, पट्टा, अंगठी, सगळं काढून दिलं. पेन्सिलही काढायची असते हे कानाला कळलं नाही. साहेब हसले म्हणे. समज देऊन सोडलं. दिवस परत मिळाले, भेटी सुरू झाल्या.

पहिल्या भेटीला मीही गेले. भावोजी आले आणि ताईकडे पाहायच्या आधी त्यांनी उजवा कान चाचपला. बसल्यावर पुन्हा. ताई काहीबाही सांगत होती आणि त्यांचा हात राहून राहून कानाकडे जात होता, तिथे काही नाही ना हे पाहायला. पेन्सिल कुठे ठेवता आता, असं तिने हसत विचारलं.

"घेतच नाही," ते म्हणाले. "खिळ्याने रेघ मारतो. कुणी बघत असलं की हात थांबतो, एवढंच."

बाहेर येऊन आम्ही बसस्टॉपवर बसलो. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे रंधे सुरू झाले. मी म्हटलं, घे, तुझे आले कामावर. ताई पदर मुठीत धरून खूप वेळ ऐकत राहिली. एक बस आली, गेली.

"यातले ते कोणते," ती म्हणाली, "मला ओळखू येत नाहीये गं."