तीन विसाव्यांचं पाणी

खामगावहून संग्रामपूरच्या बसमध्ये बसले, तरी पुण्यातल्या मुलाचा फोन सुटेना. "एकसष्टावं वर्ष, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सातपुडा चढतेस? तुला उचलून आणावं लागलं, तर पुन्हा एकटीनं कुठे जायचं नाही. कबूल?" कबूल म्हटलं. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांना उठवून चालवलं. आता मला कोण बसवतो तेच बघायचं होतं.

जंगलखात्याची परवानगी आधीच काढली होती. पायथ्याच्या गावात शेवंताबाईंकडे उतरले. वाट दाखवायला त्याच येणार होत्या. पिठलं-भाकरी झाल्यावर पिशवी पुन्हा तपासली. पट्टी, शिट्टी, बॅटरी, गूळ-शेंगदाणे. कुठल्या वाटेनं जाणार ते लिहून, 'तीनपर्यंत आलो नाही तर जंगलखात्याला कळवा' अशी चिठ्ठी त्यांच्या सुनेला दिली. तिला हसू आलं. येऊ दे.

"माथा किती लांब?"

"जोळच हाय."

हे वऱ्हाडी 'जोळ' (जवळ) मी चांगलं ओळखून आहे. नीट सांगा म्हटलं, तेव्हा शेवंताबाईंनी बोटं मोजली. "मोळी डोक्यावर असली तं तीन इसावे."

इसावा (विसावा) म्हणजे मोळी टेकवून दम खायची जागा. मी तीन विसाव्यांच्या हिशेबानं पाणी भरलं आणि ठरवलं, अर्धं संपलं की मागे फिरायचं.

सकाळी आठला निघालो. सागाची वाळकी पानं पायाखाली चुरचुरत होती. पहिल्या विसाव्यालाच घसा कोरडा पडला. तिसऱ्याला गुडघा ठणकायला लागला, पाणी निम्म्यावर आलं, आणि माथा अजून वरच.

"शेवंताबाई, तीन म्हणालात ना?"

"उतरतानी तीन! चढतानी कोन मोजते, ताई? तवा डोक्यावर काईच नसते."

हसावं की चिडावं कळेना. लाकडं वरून खाली येतात, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

"आता आलंच नं. माह्यं पानी घ्या," त्या म्हणाल्या.

माथा समोर दिसत होता. जीव तुटला. पण मी वळले, आणि उतरताना बराच वेळ रडले.

दीड वाजता गावात पोचलो. चिठ्ठी परत घेतली आणि मुलाला फोन लावला.

"म्हणजे गेलीस तशीच परत आलीस?"

"हो, गेले तशीच आले. माझ्या पायांनी. पुढच्या महिन्यात पुन्हा जाते आहे. चढतानाचे तीन विसावे मोजून झालेत, उरलेले तेव्हा मी स्वतः मोजेन."