संकल्पातील नदी

या सदरातले अनुभव मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. वाचून झाले की मासिक मिटतो आणि मनाशी म्हणतो, भ्रम असेल. धुळ्याच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. मुंजी, वास्तुशांती, श्राद्धे यांसाठी गावोगाव जाऊन बसलो. त्यामुळे लोक माझ्याकडे बाहेरची बाधा, घरातली छाया असली प्रकरणे घेऊन येत, आणि मी त्यांना न चुकता डॉक्टरांकडे पाठवीत असे. देवावर श्रद्धा असणे आणि भुताखेतांवर विश्वास असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे माझे मत होते. आजही आहे. परंतु माझ्या घरात जे घडले — आणि अजून घडते आहे — ते कोणत्या कोनाड्यात ठेवावे, हे मला उमगत नाही. म्हणून लिहितो.

निरंजन हा माझ्या मुलीचा, वसुधेचा मुलगा. वसुधा आणि जावई विनायकराव जळगावला असतात. निरंजनचे इंजिनिअरिंग मात्र शिरपूरला झाले, आणि तेथून दर शनिवारी तो एसटीने आमच्याकडे धुळ्याला येई. आंघोळ करून माझ्या शेजारी पाट मांडी, संध्या करी, आणि मग त्याच्या आजीच्या हातचे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर आणि वांग्याचे भरीत खाऊन आडवा होई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून तोही अक्काच म्हणे. मुलगा हुशार होता. त्याहून अधिक, तो भिडस्त होता. कोणाला आपल्यामुळे त्रास झाला, हे त्याला सहन होत नसे. पुढे जे झाले त्याचे मूळ मला त्यातच दिसते.

जळगावला काही काळ नोकरी केल्यावर त्याला जर्मनीत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. निघण्याआधी तो धुळ्याला आला. अक्का त्याच्यासाठी बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, बांधत होती. पितळेचा लहानसा बाळकृष्ण तिने आधीच कापसात गुंडाळून ठेवला होता. तेव्हा त्याने मला विचारले, "नाना, तिथे संकल्प काय सांगू? तिथे तापीही नाही आणि गोदावरीही नाही."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन आपण कोण, कोणत्या काळी आणि कोणत्या ठिकाणी बसलो आहोत, हे उच्चारावे लागते. ठिकाण नदीवरून सांगतात. आम्ही धुळेकर "ताप्याः दक्षिणे तीरे" म्हणतो — तापीच्या दक्षिण तीरावर. परदेशात काय म्हणावे, याविषयी पुरोहितांत एकमत नाही. कोणी पुराणांतले क्रौंचद्वीप म्हणतात, ते मला पटत नाही.

"द्वीपाचा वाद पंडितांवर सोड," मी म्हणालो. "नदी मात्र खरी सांग. बसायचे एकीकडे आणि संकल्पात सांगायचे दुसरीकडे, तर देवाला आपण सापडणार कसे?"

"म्हणजे लोकेशन शेअर करायचं."

"तसे समज."

"आणि नेटवर्क नसलं तर?"

"त्याला नेटवर्क लागत नाही रे," अक्का बिबड्यांवरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्या आईला फोन करायला लागतं, ते तेवढं बघ."

त्याचे शहर एल्बे नावाच्या नदीवर होते. खोली पश्चिमेच्या तीरावर. तेव्हा "एल्बायाः पश्चिमे तीरे" असे ठरले. एल्बेला मी आकारान्त स्त्रीलिंगी केल्यावर तो हसला आणि म्हणाला, जर्मन भाषेतही ती स्त्रीलिंगीच आहे, नाना. मला फार समाधान वाटले.

पहिले वर्ष चांगले गेले. रविवारी तो व्हिडिओ कॉल लावून पूजेला बसे. आमची जेवायची वेळ ती त्याची सकाळ. खिडकीबाहेर बर्फ, आत बाळकृष्ण, आणि त्याच्या तोंडी स्वच्छ उच्चारातला तो संकल्प. शेजारचे पारसभाऊ, जैन, धान्याचे व्यापारी, कधी येऊन पाहत आणि म्हणत, गुरुजी, तुमचा देव विमानाने फिरतो, आमचे महाराज अजून पायीच चालतात.

दुसऱ्या वर्षी चित्र दिसणे बंद झाले. नेटवर्क बरोबर नाही, म्हणे. आवाज येई, पूजा होई, एल्बेचे नाव येई. परीक्षेचे विचारले तर "चालू आहे नाना" एवढेच. वसुधेला तो वाळल्यासारखा वाटे. मी तिला म्हणे, आवाजावरून वाळणे कळत नाही. पुढे रविवारही चुकू लागले. अभ्यासाचा भार असेल, अशी आम्ही समजूत घालून घेतली.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे जेवणाआधी पूजेला बसलो होतो. पळीत पाणी घेतले, देशकाल उच्चारू लागलो, आणि तापीचे नाव यावे त्या जागी माझ्या जिभेने म्हटले — "नैश्याः पूर्वे तीरे."

मी थांबलो. वय झाले आहे, जीभ अडखळते, परंतु अडखळलेली जीभ शब्द अर्धवट सोडते. नवा शब्द शुद्ध षष्ठी विभक्तीसह घडवीत नाही. नैशी म्हणजे रात्रीची. या नावाची नदी मी कोठे वाचलेली नव्हती. आचमन करून पुन्हा आरंभ केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तापी कशीबशी आली. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, आणि त्यानंतरच्याही. शेवटी नैवेद्याचे ताट घेऊन आलेली अक्का दारात थबकली. "अहो, ही कोणती नदी म्हणालात?" साठ वर्षांच्या संसारात तिने माझा संकल्प इतक्या वेळा ऐकला आहे की तिला तो पाठ आहे. म्हणजे माझ्या कानांचा दोष नव्हता.

संध्याकाळी मी पारसभाऊंना सहज म्हणून सांगितले. ते हसले. नवी नदी सापडली असेल तर आधी धुळ्याच्या नळाला जोडा म्हणाले, आणि मोबाईलवर ते नाव वेगवेगळ्या प्रकारे घालून पाहू लागले. नैशी नाही, नैसी नाही... मग त्यांचे हसू गेले. मोबाईल माझ्यापुढे धरून ते हळू आवाजात अहिराणीत म्हणाले, "हाई नदी खरंच शे, गुरुजी."

नाइसे. जर्मनीच्या पूर्व सीमेवरची, फारशी मोठी नसलेली एक नदी. निरंजनच्या शहरापासून कितीतरी दूर.

मी कोठेतरी वाचले असेल, असे मी त्यांना सांगितले. वाचले नव्हते. घरी येऊन निरंजनला व्हॉट्सॲपवर लिहिले, "बाळ, नाइसे नदी तुला ठाऊक आहे काय?" एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. तेव्हा मी जळगावला फोन लावला. त्याच्याशी शेवटचे बोलणे कधी झाले, असे वसुधेला विचारले. ती आठवू लागली, आणि तिला दिवसच सापडेना.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते लिहिताना हात चालत नाही. त्याच्या जुन्या खोलीतल्या मुलाने सांगितले की निरंजन पावसाळ्यातच खोली सोडून गेला. विद्यापीठाकडून कळले की एका विषयात तो शेवटच्या संधीतही अनुत्तीर्ण झाला, आणि तेथील नियमाप्रमाणे त्याचे शिक्षण तेथेच संपले. म्हणजे कित्येक महिने तो विद्यार्थी नव्हता. एल्बेच्या तीरावरही नव्हता. तरी रविवारी तो आम्हाला एल्बेचा संकल्प ऐकवीत होता!

तेथील पोलिसांत नोंद झाली. जळगावच्या घरात माणसे जमली. अक्काला घेऊन मीही गेलो. सगळे एकच विचारत होते — तो गेला असेल कोठे? मला ठाऊक होते, असे म्हणवत नाही. परंतु मला एक शब्द ठाऊक होता. चार शिकलेल्या माणसांत तो उच्चारायची लाज वाटत होती. तरी मी विनायकरावांना बाजूला घेऊन सांगितला.

त्यांचा स्वभाव शांत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "नाना, पोराचा पत्ता नाही, आणि तुम्ही मला नदी सांगता?"

वसुधा पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे न उघडता विचारले, "कोणतं तीर म्हणालात, नाना?"

"पूर्वेचे."

"मग तेच कळवा तिकडे," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरं आपल्यापाशी आहे काय?"

शिरपूरचा त्याचा एक वर्गमित्र जर्मनीतच नोकरीला आहे. तो बिचारा रजा काढून त्या नदीवरच्या सर्वांत मोठ्या गावी गेला. दवाखान्यांत, पोलीस चौकीत फोटो दाखवला. कोणी ओळखले नाही. त्याने विनायकरावांना फोन करून सांगितले, काका, इथे काही नाही, परत निघतो. मी फोन मागून घेतला आणि विचारले की तू नदीच्या कोणत्या बाजूला आहेस. तो म्हणाला, पश्चिमेच्या. पूर्वेला पोलंड आहे नाना, तो वेगळा देश.

"पूल आहे ना?" मी म्हणालो. "ओलांडून जा, बाळ."

पलीकडच्या दवाखान्यात निरंजन होता. बेशुद्ध, ओळख न पटलेला तरुण म्हणून. पहाटे कुत्रा फिरवणाऱ्या कोणा बाईला तो पूर्वेच्या काठाशी पाण्यात दिसला होता. बाहेर काढला तेव्हा श्वास चालत नव्हता. किती वेळ चालत नव्हता, हे डॉक्टरांना सांगता आले नाही. थंड पाण्यात असे माणूस कधी कधी परत येते, एवढेच ते म्हणाले. गळ्यातले जानवे परिचारिकेने कापून न टाकता उशाशी ठेवले होते. ज्या दिवशी त्याला पाण्यातून काढले, त्याच दिवशी माझी जीभ प्रथम चुकली होती. वेळेचा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

चैत्रात त्याला घरी आणले. जळगावला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, ती त्याला सोसेना. म्हणून वसुधेने त्याला धुळ्याला पाठवले. तो बोलतो, जेवतो, अक्काला भाजी निवडून देतो. एकदा आपण होऊन म्हणाला, "नाना, रविवारी एल्बे म्हणताना जीभ जड व्हायची. तुम्ही खोटं सांगू नको म्हणाला होतात." पार्सलच्या गोदामात काम मिळाले म्हणून तो त्या गावी राहिला होता. "एकदा तरी खरं ठिकाण सांगावं असं वाटलं. अलीकडच्या काठावर ओळखीची माणसं होती, म्हणून पूल ओलांडून पलीकडे गेलो. पायऱ्यांवर बसलो. पाणी हातात घेतलं, नाइसेचं नाव घेतलं... त्याच्यापुढचं आठवत नाही."

पाय घसरला की त्याने तो घसरू दिला, हे मी विचारले नाही. विचारणारही नाही.

मी हे लिहावयास बसलो ते एवढ्यासाठी नव्हे. दूरच्या माणसाचे संकट जवळच्याला जाणवते, असे या सदरात अनेकांनी लिहिले आहे, आणि ते मी एक वेळ मानीन. आता लिहितो ते मला मानता येत नाही, आणि टाळताही येत नाही.

काही दिवसांनी तो आंघोळ करून आला आणि पूर्वीसारखा माझ्या शेजारी पाट मांडून बसला. त्याने पळीत पाणी घेतले. उच्चार तसेच स्वच्छ. आणि नदीचे नाव आले तेव्हा मी स्पष्ट ऐकले — "नैश्याः पूर्वे तीरे."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटले, "बाळ, आता आपण धुळ्यात आहोत. तापी म्हण."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत नुसते आश्चर्य होते. "तापीच म्हणालो ना, नाना."

स्वयंपाकघरात अक्काचे लाटणे थांबले होते. पुढे ती मला एवढेच म्हणाली, "त्याला टोकू नका हो." तिनेही तेच ऐकले होते.

तेव्हापासून रोज असेच चालले आहे. वसुधा आली होती तेव्हा तिला तापी ऐकू आली, पारसभाऊंनाही तापीच. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना मात्र ती दुसरी नदी ऐकू येते. डॉक्टरांना विचारले, त्यांनी आमचे कान तपासले, ते वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणाले. शास्त्रात शोधले, काही सापडले नाही. मुलगा खोटे बोलत नाही, याची मला खात्री आहे. संकल्पात खोटे ठिकाण सांगू नये, हे त्याला मीच शिकवले, आणि त्याची किंमत त्याने मोजली आहे. भय वाटते ते याच खात्रीचे.

हे काय आहे, मला सांगता येत नाही. कोणी सांगू शकत असेल तर हात जोडून ऐकेन. तोवर मी एक अशास्त्रीय गोष्ट करतो. पूजेला बसलो की माझ्या संकल्पात दोन्ही तीरे उच्चारतो, आधी तापीचे, मग त्या नदीचे. निरंजन माझ्या शेजारी बसलेला असतो. तरी त्या पायऱ्यांवर जो कोणी अजून हातात पाणी धरून बसला असेल, तोही देवाला सापडला पाहिजे...