वर्तुळातले अंगठे

अब्बास मूळचा रत्नागिरीकडचा, होड्या बांधणारा सुतार. माझगावच्या गोदीत असताना युनियनच्या वर्गात त्याने मार्क्स ऐकला आणि तो त्याच्या डोक्यात जो बसला तो उठलाच नाही. कतारला, अल वक्रा या बंदरगावात धक्क्याच्या कामावर आल्यावरही जुम्म्याची नमाज झाली की खोलीतल्या माणसांना तो सांगत बसे, "सरकारला आपला असा हक्क नसतो. मालकाच्या हक्कावर शिक्का मारला, की त्याला कायदा म्हनायचा." माणसं हसत. त्यांना त्याच्याकडून हवं असे ते एकच, घरच्या पत्रांवर इंग्रजीत पत्ता. सगळ्यांचे पत्ते अब्बासच लिही, तिरक्या, डौलदार अक्षरात. त्या अक्षराचा त्याला भारी तोरा होता.

त्रेसष्ट साली ओंडके उचलायच्या यारीचा जुना दोर तुटला आणि ओंडका त्याच्या धाकट्या भावावर, कमालवर पडला. कमालचं दफन तिथेच, गावाबाहेर झालं. ठेकेदाराने दोर काही बदलला नाही. तेव्हा अब्बासने नव्या दोरासाठी ठेकेदाराच्या साहेबाला इंग्रजीत अर्ज लिहिला. पहिला अंगठा कुणाचा ते कळू नये म्हणून सगळ्यांनी वर्तुळात अंगठे उठवले. युक्ती नामी होती. फक्त अर्ज कुणाच्या अक्षरात आहे, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, अब्बासच्याही नाही. माणसांचं टपाल ठेकेदाराच्या ऑफिसातूनच जाई. साहेबाने अर्ज आणि पाकिटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, झालं.

चार दिवसांनी साहेबाच्या तक्रारीवरून अब्बासला सरकारी कचेरीत बोलावणं आलं. दुभाषा म्हणून उभा होता रहमान, त्याच्याच गावचा, ऑफिसातला कारकून. सरकारी अधिकाऱ्याने कागद वाचला. रहमानने मान खाली घालून सांगितलं, "अब्बासभाय, परक्या मानसाला ठेवायचा की नाय, हा राज्याचा हक्क, असं म्हनतायत. उद्याच्या बोटीने जायचाय तुमाला."

एवढी वर्षं घोकलेलं उत्तर अब्बासला आठवेना. दर जुम्म्याला तो कमालच्या कबरीवरची वाऱ्याने विस्कटलेली रेती सारखी करायचा. ती आता कोण करणार, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"विचार त्यांना," तो म्हणाला, "मी परका, तर कमाल कोनाचा? त्याला पन बोटीत घालनार काय?"

रहमानने अधिकाऱ्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याला इथेच नोकरी करायची होती. मग अधिकाऱ्याकडे वळून तो एकच शब्द बोलला. अब्बासला अरबी येत नव्हती, पण तेवढा शब्द येत होता.

"शुक्रन."

अधिकाऱ्याने आभार स्वीकारल्यागत मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला.