कुंताबाईची दुसरी गोळी

कुंताबाईला निवांत बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस बोरगाव मेघेत सापडणं कठीण. जेवायलासुद्धा ती उकिडवीच बसायची, आणि ते बसणं म्हणजे अर्धं उठणंच असायचं. घास तोंडात, नजर दारातून बाहेर वांग्याच्या वाफ्यावर. वस्तीच्या कडेला, नवी घरं संपतात तिथे, तिचा भाजीचा तुकडा होता. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. उजाडायच्या आत काढणी, मग वर्ध्याचा भाजीबाजार, परत आली की निंदण, पाणी, संध्याकाळी जुड्या बांधणं. मधे कुणी चहा पुढे केला तर तो उभ्यानेच.

"कुंताबाईच्या पायाले चाकं हायेत," बाजारातल्या बाया म्हणायच्या. हे ऐकलं की ती "काहीबाही बोलता वं!" म्हणून झिडकारायची आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तेच घोळवत राहायची. कुणाला पाटल्यांची हौस असते, कुणाला पैठणीची. हिची हौस एवढ्या एका वाक्यावर भागायची.

छाती मात्र सदा धडधडायची. हात थरथरायचे. पाठ टेकली की पाय आपोआप हलायचे, आणि ब्लाऊज वर्षावर्षाला ढगळ होत चालले होते. काम करणाऱ्या बाईचं अंग असंच असतं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारायला जायचं म्हणजे पुन्हा बसावं लागणार.

मग एका सकाळी वांग्याचा कट्टा, भरलेलं पोतं, ऑटोत चढवताना तिच्या उजव्या मनगटात कट् झालं. ती पडली नाही, घसरली नाही, कट्टाही काही फार जड नव्हता. तरी मनगट वाकडं झालं, आणि कुंताबाई रस्त्यातच मटकन खाली बसली.

मोठ्या दवाखान्यात प्लास्टर चढलं. सोबत सून मंजुषा होती, सिंदी रेल्वे गावची, मोजकं बोलणारी. न पडता हाड मोडलं म्हणून हाडांची तपासणी झाली, रक्ताची झाली, आणि कागद घेऊन दोघी एका तरुण डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

"मावशी, वय तुमचं पंचावन्न, पण हाडं ऐंशीच्या म्हातारीसारखी झालीत," त्या म्हणाल्या. "थायरॉईडची गोळी चालू आहे ना? किती घेता?"

"एक," कुंताबाई म्हणाली. "सकाळी, उपाशीपोटी."

"नक्की एकच?"

"एकच जी."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पाहिला. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरतं, त्यांनी समजावलं. हे औषध अंगात जास्त झालं की झिजणं पुढे पळतं आणि भरणं मागे राहतं. पाळी गेलेल्या बाईचं तर आणखीच. रक्तात औषध खूप जास्त दिसत होतं. एका गोळीने एवढं व्हायला नको होतं, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीतच काही बिघाड असेल, नागपूरला जाऊन मोठी तपासणी करावी लागेल. "आणि तोवर वजन उचलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज मनगट गेलं. उद्या कमरेजवळचं हाड गेलं तर खाट धरावी लागते, मावशी."

खाट हा शब्द कुंताबाईने नीट ऐकला. तरी ती खरं बोलली नाही. ती दोन गोळ्या घेत होती, वर्षानुवर्षं. दुसरी गोळी बाजारातल्या मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून आणायची आणि बियाण्याच्या डब्यात लपवायची.

याला कारण होतं. मुलगा किशोर शाळेत होता तेव्हा कुंताबाईचं अंग जड पडत गेलं होतं. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, थंडी वाजायची, आणि वाफ्यात निंदता निंदता डोळा लागायचा. जुडी बांधायला बसली की सुतळी हातातच राहायची. तिचा नवरा भैय्याजी मनाने वाईट नव्हता, पण जीभ भारी तिखट. चार माणसांत तो म्हणाला होता, "आमच्या घरी गुळाची ढेप आणून ठेवली. जिथं ठेवली तिथंच." लोक हसले. तीही हसली. त्या हसण्याचा राग तिला अजून येतो.

मग कुणीतरी दवाखान्यात नेलं, थायरॉईड निघालं, रोजची एक गोळी सुरू झाली आणि कुंताबाई माणसांत आली. इथवर सगळं ठीक. पण भाजीवाल्या बाईचं डोकं! खताच्या एका मुठीने पालक उठला तर दोन मुठींनी काय होईल, हा विचार ज्याने शेत केलं त्याला येतोच. गोबीच्या हंगामात तिने एकदा दोन घेऊन पाहिल्या. अंगात असा जोर आला की भैय्याजी मागे आणि ती पुढे. त्यानंतर तिने एकीवर यायचं नाव काढलं नाही.

आता प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती घरभर फिरत होती. या दारातून त्या दारात. डब्यातल्या गोळ्या अजून चालूच होत्या. सोडल्या तर ढेप, घेतल्या तर खाट. विचार करून करून तिचं डोकं उठलं. किशोरने नागपूरला न्यायला सुट्टी टाकली होती, आणि तपासणीत काय निघणार हे घरात फक्त तिला माहीत होतं.

दुपारी ती मंजुषाच्या मागे मागे वाफ्यात गेली. मंजुषा गोबी कापत होती. हिरवागार पाला, पांढरेशुभ्र गड्डे, यंदा तिच्या एकटीच्या हातचे. एक गड्डा उलटा करून तिने दांडा पाहिला. "आई, हे पाहा बरं. दांडा मधून पोकळ निघून राह्यला."

कुंताबाईने दुसरा कापायला लावला. तोही पोकळ, आतून तांबूस पडलेला.

"युरिया किती फेकला वं?"

"टाकला थोडा जास्त," मंजुषा पुटपुटली. "पण वाढ पाहा ना, किती सरसर झाली."

"वाढ दिसनच ना!" कुंताबाईचा आवाज चढला. "असा जोर चढवला की पाला पळते पुढं, अन् दांड्याले भराले वेळच भेटत नाई. वरून हिरवंगार अन् आतून पोकळ. इतके दिवस माह्या हाताखाली राहून तुले..."

ती थांबली. डावा हात आपोआप प्लास्टरवर गेला. डॉक्टरीणबाई जे कागद दाखवून सांगत होत्या, तेच आत्ता तिच्याच तोंडून निघालं होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

"मंजू," ती म्हणाली, "मी दोन घेतो."

"काय दोन?"

"थायरॉईडच्या गोळ्या. एक तुमच्यासमोर, एक बियाण्याच्या डब्यातली."

मंजुषाचा विळा थांबला. "आई! मी बाजूले बसून होती. डॉक्टरीणबाई विचारून राह्यल्या, अन् तुम्ही एकच म्हणता! काऊन पण?"

कुंताबाईने सगळं सांगितलं. जड पडलेलं अंग, हातात राहिलेली सुतळी, भैय्याजीची ढेप, हसलेले लोक. सांगताना तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला उजवा हात नव्हता. "एकच घेतली अन् पुन्हा तशी झाली त?"

मंजुषाने विळा खाली ठेवला. मग म्हणाली, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "मी लग्न होऊन आली तवापासून तुमच्या मागं पळून राह्यली, आई. तुमच्याइतकं काम कधी झालंच नाई माह्याकडून. मले वाटे, माह्यातच काही कमी आहे. यंदा तुमच्यासारखी गोबी व्हावी म्हणूनच त युरिया जास्त फेकला."

हे कुंताबाईच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपल्या धावण्यात कुणाची दमछाक होते हे पाहायलासुद्धा ती कधी थांबली नव्हती. तिने डाव्या हाताने मंजुषाचा दंड धरला. "माह्यासारखी नको होऊ वं," ती म्हणाली. "उद्या चाल माह्यासंगं. डॉक्टरीणबाईले सांगतो."

डॉक्टरीणबाई रागावल्या आणि मग हसल्या. नागपूरची तपासणी तूर्त थांबली. गोळी एकच, रक्त पुन्हा तपासेपर्यंत. कॅल्शियमची वेगळी, पण सकाळच्या गोळीपासून लांब, दुपारच्या जेवणानंतर. रोज चालायचं, उन्हात बसायचं आणि कट्ट्याला हात लावायचा नाही. मोडकं हाड लवकर जुळेल, पण ठिसूळपणा भरून यायला वर्षं लागतील, हेही त्यांनी लपवलं नाही.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. अंग जड वाटायचं, आणि जड वाटलं की कुंताबाई आरशात चेहरा सुजला का ते पाहायची. सुजला नव्हता. छातीतली धडधड मात्र हळूहळू निवत गेली आणि झोप लागायला लागली. पाय मधूनच बसल्या जागी हलायचा, पण ती उठायची नाही.

माघाच्या उन्हात ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोणपाट टाकून बसली होती. समोर मंजुषा आपल्या चालीने मेथीच्या जुड्या बांधत होती, कुणाच्या मागे न पळता. भैय्याजी आला, भरलेल्या कट्ट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जिभेने जुनी सवय सोडली नाही.

"काऊन वं? ढेप झाली का पुन्हा?"

मंजुषाचे हात थांबले. कुंताबाईचा पाय हलला, टाच उचलली गेली. तिने ती परत जमिनीवर टेकवली.

"हाडं भरून राह्यली," ती बसूनच म्हणाली. "तो कट्टा उचला तुमी."

भैय्याजीने कट्टा उचलला.