खंडेनवमीला लावलेलं कुलूप

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. असं वाक्य सत्काराच्या भाषणात शोभतं, म्हणून आधीच सांगतो की आत्या आजवर कुणाच्या सत्काराला गेलेली नाही. तिला वेळ नसतो. तालुक्याच्या गावी तिची पिठाची गिरणी आहे आणि ती सकाळपासून पट्ट्याच्या आवाजात उभी असते.

आमच्या खेड्यात सातवीपुढे शाळा नव्हती. वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं आणि बारावीपर्यंत मी गिरणीच्या मागच्या खोलीत राहिलो. पुढे इंजिनिअरिंगला मला तिनेच घातलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या पदवीचा फोटो तिने गिरणीत लावलाय. त्यावर पीठ बसतं आणि ती तो पदराने पुसते.

शाळेत असताना माझ्याकडे एक काम होतं. गिरणीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. त्यात कोळसा, मीठ आणि एक पत्रा पुरलेला होता आणि मोटरची तार तिथे जमिनीत उतरली होती. रोज सकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, मगच दप्तर उचलायचं. का ओतायचं, असं मी एकदा विचारलं. "वायरमननं सांगितलंय," ती म्हणाली. "ती जागा सुकली की मोटर चावती." त्यापेक्षा जास्त तिला ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला गरजही वाटत नव्हती.

खंडेनवमीला गावातले सगळे जण आपापली हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मांडून ठेवत आणि दिवसभर त्यांना हात लावत नसत. आत्याची गिरणीही त्या दिवशी बंद असायची, पण ती स्वतः बसायची नाही. बोर्डावरचे फ्यूज काढून कमरेच्या पिशवीत टाकायची, गिरणीचे दगड उचलून घ्यायची आणि छिन्नीने ठोकून त्यांना टाकी लावायची. पट्टा बघायची, खड्ड्यात नवं मीठ घालायची. सगळं झाल्यावर झेंडूची माळ. एका वर्षी गावातल्या एका बड्या घरचा माणूस भर पूजेत दारात उभा राहिला. लग्नाचं दळण होतं आणि पीठ लगेच हवं होतं.

"आक्का, फ्यूज घाला की. किती वेळचं काम हाय?"

"उद्या या."

"मालकांनी पाठवलंय मला."

"मालकांना बी उद्या यायला सांगा. पीठ उद्या मिळंल. दगडाखाली हात गेला तर हात न्हाई मिळायचा."

तो बराच वेळ बडबडला. आत्याने टाकीचे ठोके थांबवले नाहीत.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते दुखानच्या रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये आलेल्या प्लाझ्मा कटिंग मशीनचं. कतारमध्ये मी एका फॅब्रिकेशन कंपनीत इंजिनिअर होतो. नवं यंत्र आलं की ते बसवायचं, तपासायचं, चालू करायचं आणि शेवटी 'यंत्र वापरायला सुरक्षित आहे' या कागदावर सही करायची, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय यंत्र कामगारांच्या ताब्यात जात नसे. प्लाझ्मा मशीन म्हणजे हवेच्या झोतात विजेची ज्योत पेटवून त्या ज्योतीने पोलाद कापणारं यंत्र. जाडजूड प्लेट अशी कापली जाते की बघत राहावं.

ते बसवताना मला मजा आली, हे कबूल करतो. रंगाचे डबे आणि थिनर शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवले, कारण ठिणग्या लांब उडतात. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा जोडला. कॉम्प्रेसरच्या हवेला ड्रायर लावला. इथल्या हवेत इतका दमटपणा असतो की ड्रायर नसेल तर टॉर्चमध्ये, म्हणजे ज्योत निघते त्या नळीत, पाणी जातं. काळ्या काचांचे पडदे उभे केले. मग फक्त कंट्रोल तपासायला वीज दिली, आणि यंत्र चालवणार होता तो ऑपरेटर टेबलाला हात लावून हसला. तो राजस्थानचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा.

"साहब, ये तो गुदगुदी करती है."

मी मेन स्विच बंद केला. नुसत्या कंट्रोलच्या विजेनेच टेबलाला करंट आला होता. मोटर चावते म्हणजे काय, हे मला दहावीच्याही आधी कळलं होतं.

हे यंत्र ज्योत पेटवताना तर क्षणभर फार मोठ्या दाबाची वीज सोडतं. तिला जमिनीत जायला धड वाट हवी. ती मिळाली नाही तर ती दुसरी वाट शोधते. कधी कंट्रोलच्या तारांतून जाते, कधी टेबलाला टेकून उभ्या असलेल्या माणसातून. म्हणून कापायच्या टेबलाला स्वतंत्र अर्थिंग लागतं. आमच्या शेडमागे ते होतं, पण कुणीतरी कधीतरी भरावाच्या वाळूत आखूड सळई ठोकली होती आणि उन्हाळाभर ती वाळू भट्टीसारखी सुकली होती. त्यावर पाणी ओतायला इथे कोण शाळकरी पोर ठेवणार?

मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते पुण्याचे. माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता आणि मला इथे त्यांनीच आणलं. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅट मिळवून दिला, मुलीच्या शाळेसाठी फोन केला. त्यांचे उपकार मी मानतो, आजही.

"सर, अर्थिंग मोजावं लागेल. मला ते बरोबर वाटत नाही."

"मोजू रे. दसऱ्यानंतर मोजू. दसऱ्याला क्लायंट स्वतः येतायत, पहिला कट त्यांच्यासमोर करायचा."

"आधी मोजलं नाही तर कट करता येणार नाही."

"तात्पुरतं शेडच्या खांबाला बांध की. सगळे बांधतात."

"खांबाला हात टेकून माणसं चहा पितात, सर."

त्यांनी चष्मा काढला. "तुझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात रिन्यूअलला आहे ना? मी शिफारस लिहायला घेतलीये. यल्ला, चल, काम संपव."

धमकी म्हणून ते बोलले नसावेत. पण दोन गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या आणि मी त्या एकाच दमात ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. शेडमध्ये पोरांनी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा बेताने पूजा मांडली होती. मशीनला झेंडूची माळ, समोर पान्हे, ग्राइंडर, टॉर्चची टोकं, आणि त्यातच माझा अर्थिंग मोजायचा टेस्टर. त्यावर कुंकवाचं बोट आणि एक फूल. मी तो उचलायला वाकलो तर मॅनेजरसाहेब मागून म्हणाले, "अरे, अरे! आज हत्याराला हात लावायचा नसतो. तुझ्या गावात नाही का हे?"

सगळे हसले. ऑपरेटर मात्र हसला नाही, तो माझ्याकडे बघत होता. उद्या टेबलाशी तोच उभा राहणार होता.

गंमत बघा. जे मोजमाप साहेबांना नको होतं, ते पूजेच्या ताटात जाऊन बसलं होतं. आता त्याला हात लावणारा माणूस नुसता आडमुठा ठरणार नव्हता, अधर्मीही ठरणार होता. क्षणभर मी खरंच थबकलो. आणि मग मला गिरणीत टाकी लावत बसलेली आत्या दिसली. केसांवर पीठ, मांडीजवळ दगड, दारात चडफडणारा माणूस.

"आमच्या गावात आज यंत्र उघडून बघतात," मी म्हणालो. फूल उचलून मशीनवर ठेवलं आणि टेस्टर घेऊन शेडमागे गेलो.

ऑपरेटर न बोलावता मागून आला. त्याने सळया रोवल्या, तारा ताणल्या. काटा जिथे थांबायला हवा होता त्याच्या कितीतरी पुढे गेला. मी पुन्हा मोजलं. तेच. मग मी आत जाऊन मेन स्विच खाली ओढला, त्याला माझं लाल कुलूप घातलं, माझी चिठ्ठी लटकवली आणि चावी खिशात टाकली. काम चालू असताना ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा कंपनीचाच नियम आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे.

दसऱ्याच्या सकाळी पेढे आले, फुगे आले, क्लायंटची पांढरी गाडी आली. त्याच्या थोडं आधी साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"चावी दे."

"नाही, सर."

"अरे, एकच कट. दोन फूट प्लेट. फोटो काढू आणि बंद करू. मी जबाबदार."

"तुम्ही जबाबदार, पण टेबलाशी तो उभा राहणार."

"तुला इथे कुणी आणलं, हे विसरलास?"

"नाही विसरलो. म्हणूनच तुमच्या शेडमध्ये माणूस मरू देत नाही."

ते लाल झाले. "नगरपालिकेच्या शाळेतली पोरं," ते म्हणाले, "एक नियम पाठ झाला की तोच धरून बसतात."

हे मला लागलं. नाही म्हणणार नाही. पण त्याच क्षणी मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. घरातून पहिल्यांदा शिकलेल्या माणसाने आयुष्यभर हात जोडून उभं राहायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. आपण मनापासून आभार मानतो आणि लोकांना वाटतं, याला कणा नाही. मी आभार मानतो. जन्मभर मानेन. पण माझी सही ही कुणाला द्यायची परतभेट नव्हे.

"पाठ झालाय खरा," मी म्हणालो. "चावी मिळणार नाही."

क्लायंट आत आले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी माळ घातलेलं यंत्र पाहिलं, मग कुलूप पाहिलं. साहेब इंग्रजीत काही तरी किरकोळ तांत्रिक उशीर वगैरे सांगत होते. क्लायंटनी मला विचारलं, "कधी?"

"जमीन चांगली झाली की," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," ते म्हणाले, चहा घेतला आणि गेले. त्या इन्शाल्लाचा अर्थ काय घ्यायचा, यावर ऑफिसात आठवडाभर चर्चा चालली. त्या वेळात मी खणायची परवानगी मिळवली, कारण इथे जमिनीखाली कुठली केबल कुठून गेली असेल सांगता येत नाही. मग खोलवर तांब्याची लांब सळई घातली आणि तिच्याभोवती पाणी धरून ठेवणारी चिकणमाती भरली. टेबल, कंट्रोल आणि मशीन यांच्या तारा तिथे आणून जोडल्या. मोजलं. काटा जागेवर आला. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. जागेवरच.

मगच मी कुलूप काढलं, वीज दिली आणि मीटर लावून टेबल तपासलं. मीटरवर काही नव्हतं. ऑपरेटरने काच डोळ्यांवर ओढली, बटण दाबलं, आणि फडफडत्या आवाजात निळी ज्योत प्लेटीत शिरली. कापलेली कड इतकी सरळ होती की तो तिच्याकडे बघतच राहिला. प्लेट थंड झाल्यावर त्याने टेबलावर हात ठेवला. "अब नहीं काटती," तो म्हणाला. मी कागदावर सही केली.

शिफारस लिहिली गेली नाही. महिनाअखेरीस कॉन्ट्रॅक्ट वाढवत नसल्याची मेल आली. "माझ्या हातात नव्हतं," साहेब म्हणाले. मी इथल्या रीतीने शुक्रन म्हणून त्यांचे आभार मानले आणि त्यांच्या पाया पडलो, कारण मला इथे त्यांनीच आणलं होतं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

घरी बायको म्हणाली, "मुलीचं वर्ष पुरं होईपर्यंत थांबता येईल का, एवढं विचार. बाकी तू केलंस ते बरोबर केलंस." मुलगी मराठीतलं सगळं समजते, पण बोलते इंग्रजीत. तिने विचारलं, "बाबा, आर यू इन ट्रबल?" मी हो म्हणालो. तिने विचार केला आणि म्हणाली, "गुड ट्रबल ऑर बॅड?" मी तिला गिरणीची गोष्ट सांगायला बसलो.

आत्याला फोनवर धड ऐकू येत नाही. आमच्या बाजूला, नाशिकला निघालेल्या एका मित्राबरोबर मी तिला पत्र पाठवलं. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं होतं.

*आत्या, तुला दंडवत.*

*नोकरी गेली. आधी हेच सांगतो, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. चोरी केली नाही, भांडलो नाही, कुणाला उलट शिवी दिली नाही. एक मशीन चावत होतं. ते तसंच चालू करा म्हणाले. तुझ्या भाषेत सांगायचं तर मी फ्यूज काढून पिशवीत ठेवले, तुझ्यासारखे. मागितले तरी दिले नाहीत.*

*नंतर नीट खड्डा करून मशीन चालू करून दिलं. आता चावत नाही. जो माणूस ते चालवतो तो रोज घरी जातो. त्याला दोन पोरी आहेत.*

*वडील म्हणतील, एवढं शिकून काय केलंस. त्यांना सांग, याच्यासाठीच शिकलो. तू शिकायला घातलंस, ते मी वाया घालवलेलं नाही. दुसरी नोकरी शोधतोय. इथे मिळाली तर इथे, नाहीतर तिकडे. कुठेही मिळाली तरी सही मी माझ्याच मनाने करीन, हे तिथल्या लोकांना आधीच सांगणार आहे.*

*मुलीची परीक्षा झाली की आम्ही येतो. तिला गिरणी बघायची आहे. तोवर खड्ड्यात पाणी कोण टाकतं ते कळव. कुणी टाकत नसेल तर गिरणी बंद ठेव. दळण घेऊन कोणीही दारात उभं राहू दे.*

*तुझा*
*भाचा*