आधी चित्र, मग निरोप

इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्या काळी मी मुंबईत एका मूकपट कंपनीत फिल्म धुण्याच्या कामाला होतो. कच्च्या फिल्मची उरलेली टोकं फेकून देत. ती मी जमवायचो आणि सुट्टीला कंपनीचा कॅमेरा मागून काहीबाही टिपायचो. त्यात राजा नाही, राक्षस नाही. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीतला एक गिरणीकामगार माझ्याच खोलीत राहायचा. तो भोंगा झाल्यावर रस्त्याने येतो, वळतो, हसतो, एवढंच. गावी गेलो तेव्हा त्याची बायको पाणवठ्यावर मान वर करून बघते, तेही टिपलं. दोन तुकडे एकाला एक चिकटवले आणि अंगावर काटा आला. ती वाडीत मान वर करते, तो मुंबईत वळतो. मधली बोट, खाडी, डोंगर सगळं नाहीसं! माणूस नक्की कुठला, असं काहीतरी मला त्यातून विचारायचं होतं.

वाडीला हे दाखवायचं ठरलं. निघायच्या आठवड्यात तो तापाने आजारी पडला आणि चार दिवसांत गेला. खोलीतल्यांनी निरोप माझ्याकडे दिला.

आमच्याकडे मयताचा निरोप्या अंगणाबाहेर उभा राहतो. त्या घरचं पाणी पीत नाही. त्याने तांब्या नाकारला की घराला कळतं. तोंडाने फार बोलावं लागत नाही.

त्याच्या बायकोने, वहिनीने, तांब्या पुढे केला. मी ओटीवर बसलो आणि प्यायलो.

"यंदा पण बोट चुकली वाटतं तुमच्या दोस्ताची!" ती हसत म्हणाली.

"दुपारी गोठ्यात या. दाखवतो," मी म्हणालो.

गुरं बाहेर काढली, फटींना घोंगड्या लावल्या, धोतराचा पडदा केला. कार्बाइडचा दिवा पेटवून मी कंपनीतून मागून आणलेल्या पट दाखवायच्या यंत्राचा दांडा फिरवू लागलो. पडद्यावर तिची मान वर झाली. तो वळला, हसला.

"आला गो तुझा दादला! पदर घे, पदर!" बायका खिदळल्या. वहिनीने खरंच पदर घेतला. तिची सासू पडद्याला म्हणाली, "सुकलास रे. खातोस काय नाय?"

घाबरून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. निरोप दिला असता तर सुतक पडलं असतं, गोठ्यात कुणी फिरकलं नसतं. मला त्या दोन तुकड्यांचा जोड लोकांना लागू पडतो का, ते बघायचं होतं. पडला.

पट संपला, घोंगड्या निघाल्या, आणि मी सांगितलं.

"पाणी प्यालास ना रे तू?" सासू म्हणाली. तिला ती थट्टा वाटली. खांदा कुणी कुणी दिला ते मी सांगितलं, तेव्हा ती मटकन खाली बसली. बायका वहिनीला धरायला धावल्या. तिने त्यांचे हात झटकले. ती पडद्याकडेच बघत होती.

"आत्ताच तर हसले ते," ती म्हणाली. "परत चालवा, भावजी. कुंकू हाय तोवर एकदा बघू द्या."

कार्बाइड संपला, असं मी तिला सांगितलं.

डबीत अजून दोन खेळांपुरता होता.